थोरल्याच्या बाराव्या वाढदिवसाआधी

मूल बारा वर्षांचं झालं की मोठं होतं. विमान कंपन्यांच्या लेखी तरी होतंच, आणि डिस्नेलँडच्या लेखीही. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये 3 ते 11 वर्षांच्या मुलाला लहान मुलाचं तिकीट, त्यापुढे तो आपल्याएवढाच माणूस. आमच्या थोरल्याला 2025 च्या जानेवारीत बारा पूर्ण होणार होती. म्हणजे जायचं तर 2024 ची दिवाळी ही शेवटची संधी, असं गणित मी 2022 च्या दसऱ्याला झेंडूची तोरणं करता करता मांडलं. नवरा म्हणाला, "दोन वर्षांनी कोण कुठे असेल!" मी म्हटलं, आपण भांडुपलाच असू, कारण घराचे हप्ते 2036 पर्यंत आहेत.

हे डिस्नेलँडचं खूळ मुलांचं नव्हतं, माझं होतं, हे आधीच कबूल करते. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमच्या चाळीत ज्याने त्याने जाऊन यायचं चाललं होतं. माझे बाबा दर मे महिन्यात "पुढच्या सुट्टीत नक्की" म्हणायचे. शेवटी मी आठवीत असताना शाळेच्या सहलीतून गेले. बोटीत बसताना बाईंनी आमची डोकी मोजली आणि परत येताना पुन्हा मोजली, एवढंच मला ठळक आठवतं. बाकी दिवस रांगेतच गेला. बाबा माझ्याबरोबर असते तर काय म्हणाले असते, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं होतं. आता एस्सेलवर्ल्ड बंद आहे आणि बाबाही नाहीत.

मी एका पतपेढीत काम करते, नवरा एका खाजगी कंपनीच्या स्टोअरमध्ये. दोघांचं मिळून महिन्याला 92,000 हातात येतात. त्यातले 24,000 घराच्या हप्त्याला, मग शाळेच्या फिया, सासूबाईंची बीपीची औषधं, गणपतीला गावी जाणं. गणपतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. गावी गेलो नाही आणि परदेशी गेलो, असं झालं असतं तर सासरच्या वाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आधी कुठे जायचं ते पाहिलं. आशियात डिस्नेची पार्कं तीन ठिकाणी आहेत: टोकियोत 1983 पासून, हाँगकाँगला 2005 पासून आणि शांघायला 2016 पासून. टोकियोचं विमानभाडं बघून लॅपटॉप मिटला. शांघायला व्हिसा लागतो. सिंगापूरला डिस्ने नाही, युनिव्हर्सल स्टुडिओचं पार्क आहे, आणि तिथेही आपल्याला व्हिसा काढावा लागतो. पाच माणसांच्या व्हिसाचे पैसे झाडाच्या फांदीवरून खाली पडत नाहीत. हाँगकाँगला मात्र भारतीय पासपोर्ट असेल तर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. त्याऐवजी घरबसल्या ऑनलाइन एक नोंदणी करायची, प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात, तीही फुकट. मुंबईहून थेट विमानाने सहाएक तास. आणि तिथलं पार्क आकाराने लहान आहे. लोक हे नाक मुरडून सांगतात, पण मला तोच गुण वाटला. लहान पार्क म्हणजे एका दिवसाचं तिकीट पुरतं.

मग पैसे. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तोवर थोरल्याला मिशा फुटल्या असत्या. म्हणून आमच्याच पतपेढीत दसऱ्याच्या मुहूर्तावर महिना 7,000 ची 24 महिन्यांची आरडी उघडली. शिवाय सोसायटीत आमची बारा जणींची भिशी आहे, 5,000 ची. माझा नंबर मी मुद्दाम मागे घेतला, 2024 च्या जूनवर. आरडीचे व्याजासकट 1,80,000 आणि भिशीचे 60,000. एवढ्यात बसलं तर जायचं, नाहीतर खोपोलीला इमॅजिका आहेच.

सात हजार कुठून काढले हे सगळे विचारतात. मोठं काही सोडलं नाही. फ्रिज बदलायचा होता, तो बदलला नाही. दार नीट बसत नव्हतं त्याला रबर बदलून घेतलं. मुलांचे वाढदिवस हॉलऐवजी घरात, इडली आणि केक. रविवारचं बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी डबा विसरणं बंद केलं. माझं ऑफिस स्टेशनसमोर आहे, तिथे डबा विसरला की 150 रुपये गेलेच, आणि मी आठवड्यातून दोनदा विसरायचे. विसरायचे म्हणजे काय, विसरायला आवडायचं.

2023 च्या डिसेंबरात एका टूर कंपनीत चौकशीला गेलो. आत गेल्यावर पाणी, मग चहा, मग रंगीत पुस्तिका. पाच दिवसांचे माणशी 92,000, म्हणजे पाच जणांचे 4,60,000. त्यावर 5 टक्के जीएसटी, आणि त्या सगळ्यावर पुन्हा 5 टक्के टीसीएस. हा टीसीएस म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनीने आपल्याकडून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर. तेव्हा 7 लाखांपर्यंत 5 टक्के होता. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर चोवीस हजार आपल्या खिशात नसतात. समोरचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, ईएमआयवर पण होतं, आत्ता फिरा, नंतर भरा." मी दिवसभर दुसऱ्यांना हप्ते चुकल्याच्या नोटिसा काढते. मला नंतर भरा म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत दुपारची जेवणं, टिप्स आणि विमानतळापर्यंतचा खर्च वगळलेला होता.

घरी येऊन आम्ही ते पॅकेज सुटं करून बघितलं, जसं वाण्याकडचं पाकीट फोडून आत किती डाळ आहे ते बघावं तसं. विमान वेगळं, हॉटेल वेगळं, पार्कचं तिकीट वेगळं, सगळं आपणच काढलं तर ते पॅकेज होत नाही, आणि मग त्यावर तो टीसीएसही बसत नाही. नवऱ्याने त्याच्या ऑफिसात एलटीए, म्हणजे सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता, मिळेल का विचारलं. ती सवलत भारतातल्या प्रवासाच्या भाड्यापुरतीच असते, असं उत्तर आलं. तो दोन दिवस गप्प होता, कारण त्या भरवशावर त्याने मनातल्या मनात मला एक चांगलं हॉटेल कबूल केलं होतं.

सासूबाईंना न्यायचं की नाही यावर घरात जरा कुजबुज झाली. त्या सदुसष्ट वर्षांच्या. नणंद म्हणाली, "आईला कशाला दमवता, माझ्याकडे ठेवा की." खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते. मग तिकिटांचे दर पाहिले तर 65 वर्षांवरच्यांना पार्कचं तिकीट अगदी नाममात्र. नवरा म्हणाला, "बघ, आईला फुकटच आहे म्हण." विमानाचं भाडं काही फुकट नव्हतं, पण मी काही बोलले नाही. बाबांची गोष्ट त्यालाही माहीत होती.

पासपोर्ट काढायला फेब्रुवारीत ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये गेलो. फी ऑनलाइन भरली होती: आम्हा दोघांचे 1,500 प्रमाणे, थोरल्याचे 1,000. आठ वर्षांखालच्या आणि साठीवरच्यांना नव्या पासपोर्टला 10 टक्के सूट असते, म्हणून धाकट्या चिऊचे 900 आणि आईंचे 1,350. एकूण 6,250. वहीतली ही पहिली नोंद.

आत तीन टप्पे असतात: ए, बी आणि सी. ए काउंटरवर कागद तपासतात, फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. आईंचे ठसे उठेनात. त्यांनी गिरगावात आणि नंतर भांडुपला मिळून चाळीस वर्षं घरी डबे करून दिले, दिवसाला पंधरा-पंधरा. तव्यावरून भाकरी हाताने उलटायची, राखेने भांडी घासायची. बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. काउंटरवरची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, जरा दाबून ठेवा." मग ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. पडद्यावर पांढरा डाग. चौथ्या वेळेला अंगठा आला. मग तर्जनी. आई ओशाळून हसत होत्या, जणू त्यांच्याच हातून काही सांडलं होतं. त्या मुलीने शेवटी स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवून दाबला आणि सगळी बोटं उठली. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "पोरीचा हात गार होता गं. एसीत बसून बसून."

पोलीस पडताळणीला चौकीतून फोन आला, तेव्हा आधारवर आईंचं नाव एका स्पेलिंगने आणि रेशन कार्डावर दुसऱ्याच, हे लक्षात आलं. ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले. हे आधी तपासा. म्हाताऱ्या माणसांची नावं प्रत्येक कागदावर वेगळी असतात, आणि हाँगकाँगच्या त्या ऑनलाइन नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लागतं.

मे महिन्यात खोपोलीला इमॅजिकात गेलो. याला आम्ही रंगीत तालीम म्हणायचो. ते 2013 मध्ये सुरू झालं, एक्सप्रेसवेने दीड-दोन तास. लोक म्हणाले, तेवढेच पैसे वाचवले असते. पण त्या एका दिवसाने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. थोरला, जो घरी सोफ्यावरून उड्या मारतो, तो मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत अर्ध्यावर पोचला आणि पोटात दुखतं म्हणून मागे फिरला. आईंना एका जागी तीस मिनिटं उभं राहता येत नाही. चालायला लावा, कितीही चालतील. चिऊला दुपारी दोनला काहीतरी पातळ प्यायला लागतं, नाहीतर ती जमिनीवर बसते. आणि आम्ही दोघं नवरा-बायको उन्हात भांडतो. हे सगळं खोपोलीला कळलं म्हणून स्वस्तात पडलं.

थोरला मात्र परत आल्यावर हिरमुसला होता. म्हणाला, "मग मी तिथे काय करणार?" मी त्याला आमची वही दाखवली. आरडी किती, भिशी किती, पार्कचं तिकीट किती. मुलांना पैशांचं सांगू नये असं माझी आई म्हणायची. पण याने वही घेतली, कंपासातली पेन्सिल काढली आणि हाँगकाँगच्या डॉलरला 10.85 रुपयांचा भाव असताना आपण 11 ने गुणायचं, म्हणजे वर थोडे उरतील, असं स्वतःच ठरवून टाकलं. तेव्हापासून तो घरातला हिशेबनीस. पुढे हाँगकाँगला मी चहाच्या दुकानासमोर उभी राहिले की मागून आवाज यायचा, "आई, एकशे नव्वद."

आता कर्जाची गोष्ट. मी कर्जाच्या विरोधात एवढी भाषणं दिली आणि जुलैत स्वतःच घेतलं. विमानाची तिकिटं चार महिने आधी काढली तरच परवडत होती: भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या रात्री निघायचं, म्हणजे दिवाळीआधीची गर्दी टळते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये मोठी सुट्टी असते ती गर्दीही टळते. पाच जणांचे येऊन-जाऊन 1,33,500. हातात भिशीचे 60,000. आरडी संपायला अडीच महिने बाकी. मोडली तर व्याज गेलं असतं. म्हणून आरडीवरच 73,500 उचलले. ऑक्टोबरात आरडी पिकली तेव्हा 1,400 रुपये व्याज भरून मोकळी झाले. साहेबांनी अर्जावर सही करताना वर पाहिलं आणि म्हणाले, "कारण?" मी लिहिलं होतं, घरगुती.

हॉटेल क्वाय फाँगला घेतलं. नकाशा पुष्कळ दिवस बघून. डिस्नेलँड लांटाव बेटावर आहे, विमानतळही त्याला लागूनच, पण त्या बाजूची हॉटेलं महाग. क्वाय फाँगहून मेट्रोने एक स्टेशन पुढे लाय किंग, तिथे गाडी बदलायची, मग त्सिंग यी, मग सनी बे, आणि सनी बेहून डिस्नेची वेगळी छोटी गाडी. मुंबईकराला यात काय अवघड आहे? आयुष्यभर दादरला गाडी बदलली आम्ही. लहान दोन खोल्या, चार रात्री, 53,200. खोली एवढी लहान की बॅग उघडायची तर एकाने पलंगावर चढायचं. आई म्हणाल्या, "चाळीची आठवण आली हो." त्यांना त्यात बरंच वाटलं.

पार्कच्या तिकिटांचा एक बारकावा. सगळ्या दिवसांचे दर सारखे नसतात. तारखांचे गट केलेले असतात, मधल्या वारी स्वस्त, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना महाग. आम्ही मधला वार धरला. पाच जणांचे मिळून 28,400. कार्ड आपलं साधं वापरलं तर परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावते आणि त्यावर जीएसटी, म्हणून फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, भरून घेतलं. आणि तिथे मशीनवर रुपयांत भरायचं का असं विचारलं की नाही म्हणायचं, तिथल्या डॉलरमध्येच भरायचं. रुपयांत भरलं की भाव त्यांचा.

मधल्या सगळ्या काळात आमच्या दरवाजाच्या चौकटीवर एक पेन्सिलची रेघ होती. तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

पार्कमध्ये बिग ग्रिझली नावाचा खाणीतल्या गाड्यांचा एक रोलर कोस्टर आहे. फार उंच नाही, फार भयंकर नाही. थोरला जाईन म्हणाला होता तो हा एकच. पण एकटा नाही, चिऊ बरोबर असेल तर. म्हणजे सहा वर्षांच्या बहिणीने अकरा वर्षांच्या भावाला धीर द्यायचा. आणि त्या राइडला कमीत कमी उंची लागते 112 सेंटीमीटर. मार्चमध्ये चिऊला चौकटीला उभं केलं, डोक्यावर थोरल्याचं भूगोलाचं पुस्तक आडवं धरलं, रेघ मारली. 108.5. वर 112 वर लाल पेनाने दुसरी रेघ. साडेतीन सेंटीमीटर कमी.

त्या दोन रेघांनी आमच्या घरात काय केलं, काय सांगू! आईंनी नाचणीची आंबील सुरू केली. शेजारच्या काकूंनी दाराच्या कडीला लोंबकळायला सांगितलं. थोरला रोज शाळेतून आला की दप्तर न काढता तिला चौकटीशी उभं करायचा, रोज. मुलं रोज वाढत नाहीत, हे त्याला पटायचं नाही. जूनमध्ये 110. गणपतीत गावाहून आल्यावर 111 ला टेकली. नवरा म्हणाला, बूट घालून जाईल तेव्हा होईल. चिऊ म्हणाली, "बूट काढायला लावले तर?" वसुबारसेच्या संध्याकाळी पुस्तक ठेवलं, पेन्सिल फिरवली, आणि रेघ लाल रेघेवर बसली. आईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

दिवाळीनंतर निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे फराळ. दोन डबे चकल्या-शेव, एक डबा शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू, आणि वर दशम्या. हाँगकाँगला बाहेरचं जेवण आपल्या हिशेबाने महाग, आणि आई मांसाहार करतात पण "कशाचं ते कळल्याशिवाय नाही". सकाळी खोलीत किटलीवर चहा आणि फराळ, दुपारी एकच बाहेरचं जेवण, रात्री दशम्या नाहीतर दुकानातले नूडल्स. पहिल्याच दिवशी मेट्रोत बसल्या बसल्या आईंनी पिशवीतून चकली काढली. थोरला खालच्या आवाजात ओरडला, "आजी, नको!" समोर खाणं-पिणं मना असल्याचं चित्र होतं. आईंनी चकली परत पिशवीत टाकली आणि त्या चित्राकडे स्टेशन येईपर्यंत रागाने पाहत राहिल्या. मेट्रोच्या ऑक्टोपस कार्डाचं मात्र त्यांना फार कौतुक. आपण टॅप केलं की फाटक उघडतं, याचा त्यांना अभिमान वाटायचा, जणू ते त्यांना ओळखून उघडत होतं.

डिस्नेच्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. उभ्याने धरायच्या कड्याही तशाच. चिऊ त्या गाडीतच एवढी खूश झाली की नवरा म्हणाला, इथूनच परत फिरलो तरी चालेल, 28,400 वाचतील.

त्या दिवसाचं सगळं सांगत बसत नाही. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचलो आणि आधी सरळ 'फ्रोझन' सिनेमाच्या भागात गेलो. तो 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला, सगळ्यांची झुंबड तिथेच असते. होडीची राइड झाली, घसरगाडीची झाली, चिऊला एल्सा दिसली. मग गर्दी वाढायला लागली तसे आम्ही उलट दिशेने निघालो. खोपोलीचा धडा वापरला: आईंना रांगेत उभं करायचं नाही. त्यांना इट्स अ स्मॉल वर्ल्ड दाखवलं. सावलीतली होडी, आत गारवा, सगळीकडे देशोदेशीच्या बाहुल्या, रांग छोटी. त्या तिथे तीनदा बसल्या. तिसऱ्यांदा एकट्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "आपली साडी नेसलेली पण आहे त्यात, पण नेसवलीय कशी तरी."

बिग ग्रिझलीच्या दाराशी उंची मोजायची दांडी. तिथली मुलगी चिऊकडे पाहून हसली आणि तिला दांडीखाली यायची खूण केली. चिऊ इतकी ताठ उभी राहिली की मानेच्या शिरा दिसत होत्या. थोरल्याने डोळे मिटले होते. त्या मुलीने वाकून पाहिलं, चिऊचे वर बांधलेले केस बोटाने बाजूला केले, दांडी हलकेच डोक्याला लागली. अंगठा वर. दोघं आत पळाली, मागून नवरा. मी आणि आई बाहेर कठड्याशी. आतून किंचाळण्याचे आवाज येत होते, त्यात आपला कुठला ते कळत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा थोरला उड्या मारत होता. "आई, परत! परत जाऊ!" चिऊचा चेहरा पांढरा. माझ्याजवळ आली, ओढणी धरली आणि म्हणाली, "मी परत नाही जाणार. दादाला सांग मी आता लहान आहे." आठ महिने आंबील पिऊन मिळवलेले ते साडेतीन सेंटीमीटर तिने तिथेच परत केले. थोरला पुढे तीन वेळा बसला, एकटाच.

एकच गोष्ट मी दिवसभर नाकारली, ती म्हणजे फुगा. फुग्यात फुगा, आतला मिकीच्या तोंडाचा, रंगीत. थोरल्याने लगेच गुणून सांगितलं, हजाराच्या वर. मी म्हटलं, विमानात नेता येणार नाही, दोन दिवसांत हवा जाईल, नाही म्हणजे नाही. चिऊ रडली नाही, म्हणून जास्तच वाईट वाटलं. रात्री किल्ल्यासमोर आतषबाजीसाठी जागा धरून बसलो. आई पाय मोकळे करून येते म्हणाल्या. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, नवरा उठून शोधायला निघणार एवढ्यात माणसांच्या डोक्यांवरून एक गुलाबी फुगा आमच्याकडे येताना दिसला. खाली आईंचा अंबाडा. निघताना त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतले 3,000 मुलाकडे देऊन डॉलर करून घेतले होते, हे मला माहीत नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "माझे पैसे आहेत. वहीत लिहू नकोस."

वहीत म्हणून ते नाहीत. वहीत एकूण 2,57,650 आहेत: पासपोर्ट, विमान, विमा, हॉटेल, पार्क, खाणं आणि फिरणं, आणि माझं ते 1,400 व्याज. आरडी आणि भिशीचे 2,40,000 संपले, वरचे 17,650 नवऱ्याच्या दिवाळी बोनसमधून गेले. बाकीचे दिवस स्टार फेरीच्या बोटीत बसलो, हार्बरवरचे रात्री आठचे दिवे फुकट पाहिले. पीक नावाच्या डोंगरावर ट्रामने न जाता बसने गेलो. केबल कार नाही घेतली. ते राहिलं याचं नवऱ्याला अजून वाईट वाटतं, मला नाही.

परत आल्यावर आईंचा हिरमोड झाला तो वेगळ्याच कारणाने. त्यांना भजनी मंडळात पासपोर्ट उघडून हाँगकाँगचा शिक्का दाखवायचा होता. पण हाँगकाँगवाले शिक्का मारतच नाहीत, एक छोटी छापील चिठ्ठी देतात, बसच्या तिकिटाएवढी. शिक्के होते ते आपल्या मुंबई विमानतळाचे. दोन दिवस त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. फुगा तोवर सुरकुतला होता. हॉटेलातच हवा काढून तो घडी करून आणला होता. मग एका गुरुवारी त्यांनी पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्यात ती चिठ्ठी, आणि चिठ्ठीमागे घडी केलेला गुलाबी फुगा, आणि मंडळात गेल्या. रात्री मी विचारलं, "काय म्हणाल्या सगळ्या?"

"चिठ्ठी कुणी बघितली नाही," आई म्हणाल्या. "फुगा तेवढा सगळ्यांनी फुगवून पाहिला."